न शेकलेली हलगी

माझ्या भावाच्या घरी दिवाणखान्यात एक फोटो लावलेला आहे. डोक्याला केशरी फेटा, हातात हलगी, उजवा हात ती वाजवायच्या टिपरूसकट वर उचललेला आणि तोंडभर हसू. मागे दिल्लीचं ते भलं मोठं स्टेडियम. आल्यागेल्याला तो फोटो दाखवला जातो आणि मी तिथं असले की वहिनी हमखास म्हणते, "आमच्या वन्सं होत्या म्हणून यांना जायला मिळालं." मी चहाचा कप तोंडाला लावते. त्या फोटोकडे मला आजही बघवत नाही.

दिल्लीत एशियाड व्हायचं होतं त्या सालची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. नऊवारीच्या घरातून आलेली, पाचवारी खोचून कॅनव्हासचे बूट घालणारी. गळ्यात शिट्टी आणि तोंडात शिव्या, असं मुली म्हणायच्या. खोटं नव्हतं. उन्हात उभी राहून चाळीस पोरींना वळण लावायचं म्हणजे गोड बोलून भागतंय होय?

आमच्या शाळेचं लेझीम त्या काळी जिल्ह्यात पहिलं यायचं. लोक म्हणायचे, बाईंनी काय तयार केल्यात पोरी! मी मान हलवून घ्यायची. खरं सांगायचं तर पावलं मी शिकवली, पण पोरींच्या अंगात ठेका भरला तो आमच्या शिपाईमामांनी. मामा शाळेत घंटा द्यायचे, पाणी भरायचे आणि दुपारी चारनंतर हलगी वाजवायचे. चेहऱ्यावर देवीचे व्रण, एक डोळा लहानपणीच गेलेला, अंगानं काडी. पण मैदानाच्या कोपऱ्यात चिपाडांचा जाळ करून हलगी शेकायला बसले की पोरी आपोआप रांगेत यायच्या. कातडं तापून ताणलं की मामा त्यावर एक बोट मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोलतीय."

त्यांची शिकवायची तऱ्हाही त्यांचीच. लेझमांच्या खणखणाटात मागच्या रांगेला ठेका नीट ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी पोरींना कानापेक्षा डोळ्यानं नाचायला शिकवलं. "माझ्या हाताकडं बगायचं गं. टिपरू डोक्याच्या वर गेलं की बसायचं, मग कायबी ऐकू येऊ दे." तेवढी एकच खूण. टिपरू वर गेलं की चाळीस पोरी एका दमात खाली बसायच्या आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वरून पत्र आलं. कागदाच्या डोक्यावर खेळांचं ते सूर्याचं चिन्ह. उद्घाटनाच्या कार्यक्रमात लेझमासाठी आमच्या शाळेची निवड झाली होती! मोठ्या बाईंनी शाळेला अर्धा दिवस सुट्टी दिली. त्या दिवसांत जिकडे बघावं तिकडे एशियाडच. शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्यांवर ते नाचरं हत्तीचं पिल्लू, वह्यांच्या पुठ्ठ्यावर हत्ती, उदबत्तीच्या पुड्यावर हत्ती. आणि आमच्या पोरी त्या हत्तीच्या घरी जाणार!

पत्राबरोबर चार पानं सूचना होत्या. लुगड्याचा रंग कोणता, त्याच्या कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेला. फेट्याचा शेमला किती लांब. ठेका आधी टेप करून पाठवावा, मैदानावर तोच कर्ण्यातून वाजेल. पारंपरिक वेशात एक वादक मात्र संघापुढे उभा असावा. आणि शेवटी लिहिलं होतं की संघ नीटनेटका असावा, देशाची प्रतिमा उजळ दिसावी, कारण हे सगळं रंगीत टीव्हीवर जगभर दिसणार आहे.

वादकाच्या तोंडावर देवीचे व्रण नसावेत, असं त्या पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मीच त्यात वाचलं. एकाच डोळ्याचा, काटकुळा शिपाई रंगीत टीव्हीवर कसा दिसेल, हे माझ्या मनात आलं. आणि दुसरंही एक आलं, ते आज लपवत नाही. आमच्याकडे हलगी कुणी वाजवायची हे जातीनं ठरलेलं असायचं. मैदानावर ते चालायचं, पण दिल्लीत पंगतीला, गाडीच्या डब्यात, राहायच्या जागी मामा बरोबर असणार, हे मला नको वाटलं. शाळेत एकी आणि समतेवर भाषणं ठोकणारी बाई मी! थू माझ्या जिनगानीवर.

माझा धाकटा भाऊ तेव्हा शाहूपुरीत एका पेढीवर कारकून होता. उंच, गोरा, पिळदार मिशा. लग्न जमत नव्हतं म्हणून आई हाय खाऊन बसलेली. दिल्लीला जाऊन आला, चार लोकांत दिसला तर स्थळं येतील, असं माझ्या डोक्यानं घेतलं. नाहीतरी टेपच वाजणार, ह्याला नुसतं उभं राहून हात हलवायचा आहे. त्याला वाजवता येण्याची गरज काय?

मामांना मात्र हे माहीत नव्हतं. पत्र आल्यापासून त्यांच्या अंगात वारं भरलं होतं. थंडीला म्हणून त्यांनी मरून रंगाचा लोकरीचा मफलर घेतला होता आणि सप्टेंबरच्या उकाड्यात तो गळ्याला गुंडाळून घंटा देत होते. "बाई, दिल्लीत पाणी गोठतंय म्हणं की?" असं रोज विचारायचे. त्यांच्या गल्लीनं नारळ-फेटा देऊन त्यांचा सत्कारही केला होता.

आधी मी टेप करून घेतली. शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्या लावून. मामांनी विचारलं, "ही कशापायी?" मी म्हटलं, "सरावाला." मधेच साखर कारखान्याचा भोंगा झाला. थांबले असते तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मामा थांबले नाहीत, भोंगा होता तेवढा वेळ त्यांनी हात असा चढवला की भोंगा पार खाली गेला. टेप करणारा पोरगा "वा!" म्हणाला.

त्यानंतर आठवड्यानं मी त्यांना ऑफिसबाहेर गाठलं. म्हटलं, "मामा, नवीन नियम आलाय. वादक पस्तिशीच्या आतला हवा."

त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "वयाची अट?"

"हो. माझ्या हातात असतं तर मी..."

"न्हाय न्हाय, तुमी काय करणार? सरकारी काम." हात आपोआप मफलरकडे गेला. "मग वाजवणार कोण?"

"माझा भाऊ."

"त्येला येतंय?"

"तुम्ही शिकवा की."

आणि शिकवलं हो त्यांनी! पंधरा दिवस, शाळा सुटल्यावर, जीव तोडून. माझा भाऊ सायकलवरून यायचा, दहा मिनिटं बडवायचा आणि कंगवा काढून भांग पाडायचा. त्याला माहीत होतं टेप वाजणार आहे, मी सांगितलं होतं. मामांना माहीत नव्हतं. ते बिचारे घामाघूम. एकदा माझ्याकडे आले. "बाई, पावण्यांचा हात बसंना अजून. पोरींचं वाटूळं हुईल तितं. जरा दटावा की त्यास्नी." मी उलट त्यांच्यावरच खेकसले. "तुमचं शिकवणंच धड नसेल!" खोटं लपवायला माणूस किती चढ्या आवाजात बोलतो, ते मला त्या दिवशी कळलं.

निघताना कोल्हापूर स्टेशनवर सगळा बावडा लोटला होता. मामा आले ते हातात हलगी घेऊन. स्वतःची. शाळेच्या हलगीचं कातडं जुनं झालंय म्हणाले. तो मफलर त्यांनी हलगीला गुंडाळला होता. "थंडीत कातडं सैल पडतंय. वाजवायच्या आदी शेकून घ्या बरं का पावणं. इसरू नगा." भाऊ म्हणाला, "व्हय मामा, काळजी सोडा." गाडी हलली तेव्हा मामा मुलींना हात करत होते आणि ओरडत होते, "हाताकडं बगा गं पोरींनो, हाताकडं!"

दिल्लीत पहिल्याच दिवशी भावानं तो मफलर सोडून स्वतःच्या गळ्यात घातला. मी पोरी मोजत राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी एवढी माणसं मी जन्मात बघितली नव्हती. वेगवेगळ्या राज्यांचे संघ रंगीत गालिच्यांसारखे मैदानभर पसरलेले. आमच्या पोरी केशरी फेट्यांत अशा दिसत होत्या की माझा ऊर भरून आला. कर्ण्यातून मामांची हलगी सुरू झाली. काय वाजत होती! लाखभर लोकांच्या डोक्यावरून आमच्या बावड्याची हलगी घुमत होती. मग ती जागा आली, हात चढला, आणि त्याच्या तळाशी, शप्पथ सांगते, मला आमच्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला.

भाऊ पुढे उभा राहून न शेकलेल्या हलगीवर हात फिरवत होता. ठेका कुठे, ह्याचा हात कुठे. पोरी गोंधळल्यात हे मला कडेनं दिसत होतं. तेवढ्यात एक फोटोवाला वाकून त्याच्यासमोर आला. आणि आमच्या राजबिंड्यानं फोटोसाठी उजवा हात टिपरूसकट डोक्याच्या वर उचलला.

पुढच्या दोन रांगा झटकन खाली बसल्या. मागच्या दोन कर्ण्यातला ठेका ऐकून उभ्याच राहिल्या. कुणी उठू का म्हणून मागे बघतेय, कुणी बसू का म्हणून पुढे. एकीचं लेझीम दुसरीच्या तोंडावर बसलं. सावरल्या लगेच, गुणाच्या पोरी, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाहेर आल्यावर सगळ्या ओक्साबोक्शी रडल्या. "बाई, आमचं चुकलं." एकीच्या ओठातून रक्त येत होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, तरी मी काय केलं? शिट्टी वाजवली आणि त्यांना रांगेत उभं केलं.

बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नसावं. भावाचा फोटो तेवढा झकास आला. त्यावर पुढच्या उन्हाळ्यात लग्न जमलं.

बावड्यात टीव्ही तेव्हा कुणाच्या घरी नव्हता. मोठ्या बाईंनी उद्घाटनाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात रेडिओ लावला होता आणि निम्मं गाव ऐकायला बसलं होतं. मामांना सगळ्यांनी पुढे बसवलं होतं. हे मला परत आल्यावर कळलं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हलगी घेऊन त्यांच्याकडे गेले. घंटेखाली स्टुलावर बसले होते. मफलर भावानं दिलाच नाही, कुठंतरी राहिला म्हणाला, म्हणून हलगी मी वर्तमानपत्रात गुंडाळली होती. मामांनी कागद सोडला. कातड्यावर बोट मारलं, कान लावला.

"शेकली न्हाई की हो, बाई."

"तिथं जाळ करू देत नाहीत, मामा."

"व्हय." मग पुन्हा एकदा बोट मारलं. "रेडिओवर ऐकलं मी. भोंग्याच्या जागंला हात चढला, तितं वळखलं."

मी सोडलेल्या कागदाची घडी घालायला लागले.

"माजाच हात हुता न्हवं?"

"हो."

"मग वयाची अट हाताला न्हवती?"

ते रागानं बोलले असते तर मी भांडले तरी असते. मला भांडता येतं. पण ते खरंच विचारत होते, जणू नियम त्यांना समजला नव्हता आणि मी बाई, मी समजावून सांगेन. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मामा, नियम नव्हताच, मी खोटं बोलले, मला तुमची लाज वाटली, एवढी तीन वाक्यं. तेवढीही तोंडातून निघाली नाहीत. मी म्हटलं, "मधली सुट्टी झाली, घंटा द्या." त्यांनी उठून घंटा दिली.

पोरींनी त्यांना कुठं काय चुकलं ते रडत रडत सांगितलं असणार. कारण जानेवारीत झेंडावंदनाचा सराव सुरू झाला तेव्हा मामांनी कोपऱ्यात चिपाडांचा जाळ केला, हलगी शेकली, पण नेहमीसारखे पुढे आले नाहीत. स्टूल उचललं आणि चारही रांगांच्या मागे, मैदानाच्या भिंतीशी जाऊन बसले. पोरी माना वळवून बघायला लागल्या.

"मामा, पुढं या की," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. आता पोरींनी ऐकून नाचायचं. मान वळवायची न्हाई गं कुणी! फुडं तुमी कुणाला बी हुबं करा."

मी शिट्टी तोंडाला लावली. पोरींच्या डोक्यावरून समोर भिंतीशी ते बसलेले दिसत होते, खाली मान घालून, टिपरू पार खाली ठेवून. निवृत्त होईपर्यंत सात वर्षं ते तिथंच बसून वाजवत राहिले. मी रोज समोर उभी असायची आणि एकदाही मागे जाऊन त्यांची माफी मागितली नाही.