खाणीचं बक्षीस आणि सुरुंगाचा परवाना

पिंगळी स्टेशनापासून थोडं आत गेलं की काळ्या दगडाचा माळ लागतो. त्यातला एक तुकडा आमच्या ह्यांनी सरकारकडून लीजवर घेतला होता. सुरुंग लावून दगड फोडायचा आणि त्याची खडी करून रस्त्यांच्या कामाला द्यायची, एवढाच धंदा. पण सरकारी भाषेत तीही खाणच आणि खाणीचे सगळे कायदे तिला लागू.

मी सेलूच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा खाणीशी माझा संबंध एवढाच, की दुपारी जेवणाचा डबा पाठवायचा. मग एक दिवस सुरुंगाचा बार उडताना हे जवळच उभे राहिले आणि दगडाची कपची उजव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही. दवाखान्यातून आल्यावर हे घराबाहेर पडेनात. खाणीचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करून झोपत. मजुरांनी थोडे दिवस वाट बघितली आणि मग एकेक जोडपं दुसऱ्या खाणीकडं जायला लागलं. तेव्हा मी पदर खोचला आणि माळावर गेले.

सुरुंग उडवायचं काम एक म्हातारे चाचा करत. परवाना त्यांच्याच नावावर होता. मी त्यांना पहिली गोष्ट विचारली, "चाचा, बार उडताना माणसं कुठं थांबतात?"

"जिथं जागा गावली तिथं," ते म्हणाले. "कुनी झाडामागं, कुनी ट्रॅक्टरमागं."

त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या खाणीत दुसऱ्या कुणाचा डोळा जाणार नाही. बार फक्त दुपारच्या जेवणाच्या वेळी उडेल. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लाल फडकं घेऊन माणूस उभा राहील. बायका, लेकरं, गडी सगळे मातीच्या बांधामागं बसतील आणि मी स्वतः तोंडं बघितल्याशिवाय चाचा वात पेटवणार नाहीत. मजुरांना हसू यायचं. एक खडी फोडणारी बाई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "मास्तरच्या लेकीनं हितं बी शाळाच काढली की." मी तिचंही तोंड मोजलं आणि चाचांना खूण केली.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. बोरीकडच्या रस्त्याचं काम घाईत चालू होतं आणि ठेकेदाराचे ट्रक आमच्या माळावर रांगेनं उभे होते. त्या दुपारी एक बार फुटलाच नाही. वात पेटली, धूर निघाला, पण आवाज आला नाही. अशा फुसक्या बाराचं भय फार. कधी कधी तो मागाहून फुटतो. मी कुणालाही बांधामागून उठू दिलं नाही.

ठेकेदार जीपमधून उतरला. "वैनी, गाड्या उभ्या हायत. कशाला थांबायलाव? ते इझलं असंल."

"इझलं असंल म्हणून चालत नाही. खात्री व्हायला पाहिजे."

"आन् मग?"

"मग चाचा लांबून बघतील. बार भरलेल्या त्या भोकाला हात न लावता अंतर ठेवून दुसरं भोक पाडायचं. ते उडालं की हे संपलं."

"म्हंजे आजचा दिवस गेलाच की."

"गेला."

 तो म्हणाला, "मालक असते तर असं झालं नसतं." मी म्हणाले, "मालकांचा डोळा असाच गेला." त्यानं ट्रक वळवले आणि दुसऱ्या खाणीकडं नेले. तो पुन्हा आमच्याकडं आला नाही. घरी गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चपला घालून माझ्या मागोमाग खाणीवर आले आणि बांधामागं बसून राहिले. पुढं हळूहळू गाड्या भरून देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

खाणींवर देखरेख करणाऱ्या खात्याकडून दरवर्षी सुरक्षा सप्ताह व्हायचा. कोळशाच्या, मँगनीजच्या मोठ्या खाणी त्यात असत, पण लहान दगडखाणींचाही वेगळा गट असे. परजिल्ह्यातली माणसं येऊन तपासून गेली. लाल फडकी बघितली, बांध बघितला, सुरुंगाच्या जिलेटिनच्या कांड्या ठेवायच्या खोलीचं कुलूप ओढून बघितलं, मजुरांना आडून आडून विचारलं. मला हसणारी तीच बाई त्यांना ठसक्यात सांगत होती, "आमच्या वैनीनं तोंड बघितल्याबिगर हितं काडी वढत न्हाईत."

लहान खाणींतलं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. नागपूरला समारंभ होता. मी ठेवणीतली साडी नेसले, ह्यांनी काळा चष्मा लावला. नाव पुकारलं ते ह्यांचं. मी उठायला लागले तर दाराशी उभा असलेला कर्मचारी हळूच म्हणाला, "बाई, लीजधारकच वर येतील." हे गेले, मोठी पितळी ढाल घेऊन आले. टाळ्या खूप झाल्या.

परतीच्या गाडीत ढाल ह्यांच्या मांडीवर होती. समोरच्या प्रवाशाला हे सांगत होते, आमच्या खाणीत बार दुपारीच उडतो, आम्ही माणसं मोजतो. एक शब्द खोटा नव्हता. आनंदानं त्यांचा चेहरा किती दिवसांनी असा फुललेला बघत होते, म्हणून मी मध्ये बोलले नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. पूर्णा येईपर्यंत त्या ढालीकडं मात्र मी एकदाही बघितलं नाही.

त्याच हिवाळ्यात चाचांचे हात कापायला लागले. एकदा वात कापताना सुरी त्यांच्या हातून सुटली. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटी, आता दुसरा मानूस बघ."

"काय लागतं चाचा, परवाना काढायला?"

"तोंडी परीक्षा असती. पर तू कशाला इचारायली?"

"मीच देते परीक्षा."

चाचा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शेजारी बसवून शिकवायला सुरुवात केली. विरोध झाला तो घरात. हे म्हणाले, "बार लावायचं काम तुझं न्हाई."

"मग कुणाचं?"

"मला काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं, म्हणूनच म्हणते. दुसरा माणूस ठेवला तर तो माझ्याइतकी काळजी घेईल याची खात्री तुम्ही देता का?"

 ते चपला घालून गाड्या भरायला गेले आणि मी अर्ज दिला.

खात्यातल्या कारकुनानं अर्ज दोनदा उलटसुलट केला. बाईचा अर्ज त्यानं कधी बघितला नव्हता. मी म्हणाले, "बाई चालणार नाही असं नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा." त्याला दाखवता आलं नाही. परीक्षेच्या वेळी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं एसटी बंद होती. रेल्वे चालू होती. ह्यांनी आपणहून पिशवी उचलली आणि पूर्णा, अकोला अशा गाड्या बदलत मला नागपूरला नेलं.

तीन साहेब बसले होते. मधल्यांनी विचारलं, "बार फुटला नाही, तर?" मी सगळं सांगितलं.

"आणि ठेकेदार घाई करत असेल तर?"

"घाई करणारा माणूस भोकाजवळ उभा राहत नसतो, साहेब. उभं मला राहायचं असतं."

परवाना आला. पहिला बार मी उडवला तेव्हा चाचा बांधामागं बायकांच्यात बसले होते आणि माणसं हे मोजत होते. आवाज झाला, दगड जिथं पडायचा तिथंच पडला. 

पुढच्या सप्ताहात सुरुंग उडवणाऱ्यांची वेगळी स्पर्धा होती. मी नाव दिलं. सगळ्या पुरुषांत मी एकटी. तिसरी आले. मंचावरून माझं नाव पुकारलं, मी जाऊन एक लहानसा पेला घेतला आणि खाली आले. पहिला आलेला माणूस मँगनीजच्या खाणीतला होता. त्याला गाठून मी विचारलं, माझं कुठं चुकलं. त्यानं सरळ सांगितलं, "भोकात माती ठासताना तुमचा हात हलका पडतो, बाई."

घरी आल्यावर वर्षभर मी माती ठासायचंच काम हाती धरलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाव दिलं.