काकांनी फोनवर माल मागवला

सगळ्या गल्लीच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांनी फोन कानाला लावला आणि काकूंनी स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. अट काकूंचीच होती. "तुम्ही स्वतः बोलून माल मागवा, मग खालच्या दुकानाचं शटर उघडू. नाहीतर जागा भाड्याने देऊन मोकळं होऊ."

मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून काकांना वस्तू डोळ्यांपुढे लख्ख दिसे, नाव तेवढं हुलकावणी देई. डॉक्टरांच्या भाषेत अफेजिया. चमच्याला ते कंगवा म्हणत आणि स्वतःवरच चिडत. स्पीच थेरपीच्या मॅडमनी त्यांना शब्दापर्यंत पोचायच्या खुणा शिकवल्या होत्या. नाव अडलं तर ती वस्तू कशाला लागते ते बोला, हाताने वापरून दाखवा, तिचा आवाज आठवा. काकूंना मात्र एकच पथ्य होतं, शब्द सुचवायचा नाही. ते पाळताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई.

"काय रे, आहेस का जिवंत?" पलीकडून सुट्या भागांचा व्यापारी, काकांचा जुना दोस्त, गरजला.

"आहे. लिही. ट्यूब." एक शब्द जमला. "चेन." तोही जमला. काकांचे कान लाल झाले. "आणि ते... चाक... चाक सरळ ठेवतात ते..."

"रिम?"

"नाही."

"मग काय, बेअ..."

"गप रे. मी सांगतो."

काकू खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या. शब्द त्यांच्या ओठांवर नुसता नाचत होता. काकांची बोटं हवेत काहीतरी छेडू लागली. सरावासाठी वर आणलेलं चाक भिंतीला टेकून उभं होतं. काका उठले, वाकले आणि ताण तपासताना करत तसं त्यांनी एका तारेला नख लावलं. टण्. दुसरीला. टण्. तिसरी जराशी सैल, तिचा आवाज बसका.

"स्प..." पुन्हा टण्. "स्पोक. स्पोक हवेत."

"मग सांग की सरळ. जाड का बारीक?"

हा प्रश्न सरावात नव्हताच. काकूंनी तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला.

चाकावरची नजर न हलवता काका म्हणाले, "बारीक. आणि मागच्यासारखे गंजके पाठवलेस तर तुझ्या... तुझ्या मिशीला बांधून परत धाडीन."

पलीकडे हास्याचा गडगडाट झाला. काकांनी फोन ठेवला.

"मिशी कुणी शिकवली नव्हती गं," ते म्हणाले. "आपणहून आली."

काकू तोवर शटरची किल्ली घेऊन अर्धा जिना उतरल्या होत्या.