ताईच्या मोबाइलवर येणारे बायोडाटा

एचआरवाली बहीण घरात असली ना, की टीव्हीची गरज नाय. आमची ताई सिन्नरच्या एका फॅक्टरीत पोरं भरती करते. बायोडाटा तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. कंपनीच्या बसनं नाशिक रोडला घरी आली की जेवताना ती आम्हाला वाचून दाखवते. एवढे किस्से साठलेत की विचारू नका. फक्त त्यातले काही मीच घातलेत, हा लोचा आहे.

सुरुवात सोन्यानं केली. सोन्या माझा दोस्त, बारावीत माझ्यासोबतच गचकलेला. म्हणला, "तुझ्या ताईला उल्लू बनवून दाखव. दम नाय तुझ्यात!" आता असं म्हणल्यावर कोण गप बसणार? म्हणलं, "बघच तू!"

अक्कल तिथंच गेली.

*

पहिला पाठवला लग्नाचा बायोडाटा! सोन्याच्या जुन्या सिमवरून. वर श्री गणेशाय नमः. रास कर्क, नाडी मध्य, गण राक्षस. अपेक्षा : मुलगी शिकलेली, नोकरीवाली चालेल. आणि अर्ज कशाला? मशीन ऑपरेटर!

ताईचे साहेब जाधव सर. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचला आणि म्हणले, "मॅडम, राक्षस गण आहे. नाइट शिफ्टला चालेल!"

*

मग दुसऱ्या सिमवरून दुसरा. अनुभव : गणेश मंडळात पाच वर्षं सिनिअर वायर-होल्डर. डीजेची गाडी निघाली की बांबूनं वायरी वर धरणे. आजपर्यंत एकही माणूस चिकटला नाही.

जाधव सर म्हणले, "याचं सेफ्टी रेकॉर्ड आपल्यापेक्षा भारी आहे. बोलवा याला!"

ताईनं खरंच फोन लावला. सोन्यानं म्हाताऱ्याचा आवाज काढून उचलला, "पोरगं बांबू धरून उभं हाय, मॅडम. मिरवणूक संपली की सांगतो!"

मिरवणूक? मार्च महिन्यात! तेव्हा ताईला कळलं, कुणीतरी मजा घेतंय.

*

हा मात्र माझा नाय. देवळाली कॅम्पच्या एका पोरानं पासपोर्ट फोटोच्या जागी बाइकवर गॉगल लावून बसलेला फोटो टाकला. जाधव सर म्हणले, "गाडीचा बायोडाटा मागवा, पोराचा राहू द्या!"

पण मुलाखतीला बोलावलंच. पोरगं आलं शेअर जीपनं. गाडी भावाची होती म्हणे! जाधव सर हसले आणि घेतलं की त्याला. माणूस तसा लय चांगला. बायोडाटा येडा आहे म्हणून कुणाला हाकलायचे नाय.

*

तिसऱ्यात आम्ही लिहिलं, "आधीची नोकरी सोडण्याचं कारण : मालक. माझी कमजोरी : सोमवार."

जाधव सर खूश! "हा एकटाच खरं बोलतोय." मुलाखत ठेवली. दोन सुपरवायझर काम सोडून येऊन बसले. येणार कोण? मी आणि सोन्या तेव्हा बिटको चौकात वडापाव खात होतो.

त्या दिवशी ताईला सगळ्यांसमोर जाधव सरांचं ऐकावं लागलं. "मॅडम, यापुढे असलं काही आलं तर माझ्यापर्यंत आणू नका."

रात्री जेवताना तिनं एवढंच सांगितलं, बायोडाटा एकही वाचला नाय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी भाजी वाढून घेतली.

*

परवा ताई एकदम खुशीत आली. "आज धरला त्या टवाळखोराला!"

मोबाइल पुढे केला. मेसेज असा : "मॅडम, मी आयटीआय फिटर पास आहे. मला बोलताना अडकायला होतं, म्हणून मुलाखतीत राहून जातो. प्रश्न लिहून दिले तर सगळी उत्तरं लिहून देईन. मशीनला माझ्या बोलण्याचा त्रास होत नाही."

"मी फोन लावला," ताई सांगत होती. "तर न-न-न-न! नमस्कारसुद्धा पुरा होईना. म्हणलं, मागे म्हातारा झालास, आता हे काय नवीन नाटक? परत अर्ज केलास तर पोलिसात देईन! तरी त्याचं मॅ-मॅ-मॅ चालूच. ब्लॉक करून टाकला!"

आई हसली. पप्पांना ठसका लागला.

मी ताटाआडून सोन्याला मेसेज टाकला, "हा तू केला?"

"नाय भावा. मला वाटलं तू."

मी ताट बाजूला सरकवलं.

"ताई," मी म्हणलं, "ते लग्नाचं, ते वायरीचं, ते सोमवारचं... ते सगळं मी होतो. मी आणि सोन्या."

आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटले. बसलीच नाय. उघडले तर ताई मोबाइलकडे बघत होती.

"मग हा कोण होता?"