रविवारचे यजमान

वासुदेवराव कोणालाही भेटले, की आधी हात जोडीत आणि मग बोलता बोलता समोरच्याच्या वस्त्राची कड अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून भलतीकडेच पाहू लागत. कापडाकडे ते त्या वेळी मुळीच पाहत नसत. आमची पहिली भेट सक्करदऱ्याच्या एका देवळात, प्रदक्षिणेच्या वाटेवर झाली. माझ्या उपरण्याची कड त्यांच्या बोटांत होती आणि दृष्टी कळसावर होती.

"गुरुजी, हे तुमाले सुती म्हणून देल्लं काय?"

"हो. शुद्ध सुती."

"फसवलं जी तुमाले."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. शुद्ध सूत समजून जे उपरणे मी कित्येक वर्षे पूजेला वापरीत होतो, त्यात निम्मा धागा कारखान्यात रसायनांतून ओढलेला होता. मी खिन्न झालेला पाहून ते म्हणाले, "देवाले माहीत असते जी, चूक दुकानदाराची आहे म्हणून." त्या दिवसापासून रोज चार वाजता ते माझ्या ओसरीवर चहाला येऊ लागले.

गांधीबागेतल्या एका मोठ्या कापडदुकानात त्यांनी चाळीस वर्षे गादीवर बसून साड्या उलगडल्या. वडील हातमागावर विणीत; त्यामुळे बोटांचे ज्ञान घरचेच होते. स्वतःचे दुकान त्यांनी कधी काढले नाही. शेठजी लोडाला टेकून बसत आणि वासुदेवराव गादीच्या कडेला, पाय दुमडून. शेठजी उभे असताना आपण बसायचे नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही पाळला. रस्त्यात शेठजींची गाडी दिसली तरी ते बाकावरून उठत. "डोये फसतात, बोटं नाही फसत," हे त्यांचे एक वचन. दुसरे वचन विक्रीविषयी होते: "गिऱ्हाईकाले 'घ्या' म्हणलं का गिऱ्हाईक गेलं. कापडाचं थान खोला आन चूप बसा."

या दुसऱ्या वचनाची कसोटी पाहण्याचा योग आला तो वृषालीमुळे. कुहीकडच्या एका धानशेतकऱ्याची ही मुलगी माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत असे आणि वस्त्रसंकल्पनाचे, म्हणजे नवी कापडे घडवण्याचे, पदव्युत्तर शिक्षण घेत असे. एप्रिल संपता संपता एके दिवशी चहाच्या वेळी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या वर्गाचे वर्षअखेरचे प्रदर्शन भरायचे होते. महाविद्यालयाने दालन दिले होते, पण मांडणी, दिवे, छपाई यांचा भार विद्यार्थ्यांनी उचलायचा होता आणि तो निधी जमवण्याचे काम सर्वांनी वृषालीवर सोपवले होते. तिने मोठमोठ्या कंपन्यांना पत्रे धाडली; कोणाचेही उत्तर नव्हते. दहा दिवसांत सोय न झाल्यास दालन रद्द होणार आणि सर्वांचे काम वर्गातल्या पडद्यावर, केवळ परीक्षकांना, दाखवले जाणार होते.

"मग पडद्यावर दाखवा," मी भाबडेपणाने म्हणालो.

"गुरुजी, मी आईसाठी कापड केलं आहे," ती म्हणाली. "रोवणीत बायका दिवसभर वाकून धान लावतात. पाठीवर प्लास्टिक बांधतात; पाऊस अडतो, पण आतून घामानं पाठ सोलून निघते. मी मेणवलेल्या सुताचं पाठीवरचं वस्त्र विणलं आहे. वजनाला हलकं, आतून कोरडं. दोन वर्षं मी शहरात नेमकं काय शिकते, हे आईला अजून समजलेलं नाही. ते तिला पडद्यावर कसं समजेल?"

वासुदेवरावांनी कप खाली ठेवला. "गांधीबागेत चाल वं पोरी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, तुमीही चाला. धोतर पाह्यलं का शेठ लोक जरा सावरून बसतात."

पहिल्याच दुकानात, म्हणजे त्यांच्या जुन्या शेठजींच्या गादीवर, आम्ही सपशेल हरलो. वृषालीने एक सुबक धारिका उघडली. तीत देणगीदारांच्या तीन श्रेणी आखल्या होत्या: सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. सुवर्णाचे नाव सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. कांस्याचे तळाशी, बारीक. शेठजींनी चष्मा लावून ते पान शांतपणे वाचले.

"समोरच्यानं सोनं घेतलं, तं मी चांदीत बसू काय?" त्यांनी विचारले. "आन मी सोनं घेतलं, तं तो चांदीत येईन काय? बेटा, आमचे बाप एका गल्लीत धंदा करत आले. तू तं आमचे नंबर लावून राहिली." त्यांनी धारिका हळुवार मिटली. "चहा घ्या, गुरुजी."

चहा उत्तम होता. बाजारात नकार असाच गोड येतो, हे मला वासुदेवरावांनी बाहेर आल्यावर सांगितले. वृषालीचा चेहरा उतरला होता. ते तिला म्हणाले, "तुही चूक नाही वं. पण मांगाले जाऊ नोको. दाखवाले जाय. मांगणाऱ्याचा हात खाली असते. दाखवणाऱ्याचा हात कपड्यावर असते. उद्या कापड घेऊन ये. ते पुस्तक घरीच राहू दे."

परतताना रिक्षात, तिला धीर यावा म्हणून, मी माझ्या पाठशाळेच्या दिवसांविषयी बोलू लागलो. त्या काळी निर्धन विद्यार्थी वार लावून जेवत. सात वारांना सात घरे. माझा सोमवार महाल भागातल्या एका वकिलांच्या मोठ्या घरी असे आणि मंगळवार टपालखात्यातल्या एका शिपायाच्या दोन खोल्यांत. वकिलांकडे ताटाभोवती रांगोळी असे. शिपायाच्या पत्नी पोळीवर तूप वाढताना वाटी पार उपडी करीत. सोमवार मला कधी मोठा वाटला नाही आणि मंगळवार कधी लहान वाटला नाही. भूक दोन्ही दिवशी सारखीच होती. ती सात नावे मी अजूनही सकाळी संध्येनंतर घेतो.

रिक्षा वाटेतल्या तलावाशी आली. तिथे वासुदेवराव एकदम म्हणाले, "प्रदर्शन किती दिवस आहे वं?"

"सात. सोमवार ते रविवार."

"मंग झालं तं! श्रेण्या कायले पाहिजे? वार लावा."

दुसऱ्या दिवशी वृषाली व तिचे दोन सहाध्यायी आपापले काम गाठोड्यात बांधून आले. शेठजींच्या गादीवर वासुदेवरावांनी स्वच्छ पांढरी चादर अंथरली, चाळीस वर्षांच्या जागी पाय दुमडून बसले आणि मनगटाच्या एका झटक्याने वृषालीचे वस्त्र हवेत उलगडले. ते पसरत पसरत शेठजींच्या गुडघ्याशी येऊन थांबले. नंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. वृषालीने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा त्यांनी केवळ डोळ्यांनी तिला थांबवले.

शेठजींचा हात आपोआप कडेकडे गेला. अंगठा आणि तर्जनी. तेही दुसरीकडे पाहू लागले.

"मेण लावलं काय सुताले? आन तरी हवा जाते?" त्यांनी विचारले. "कोण घालीन हे?"

"माझी आई," वृषाली म्हणाली. "रोवणीला."

शेठजी बराच वेळ कड चाचपत राहिले. "जिंदगीभर लग्नाचं कापड पाह्यलं गा वासुदेव," ते म्हणाले. "कामाचं कापड घेऊन या गादीवर कोणी आलंच नाही." मग म्हणाले, "बोल. काय पाहिजे?"

"सात दिवस आहेत, शेठजी," वासुदेवराव म्हणाले. "एक वार तुमचा. त्या दिवसाचा खर्च तुमचा, दिवा तुमी लावाचा, आल्यागेल्याले पाणी तुमी द्याचं. पाटीवर सात नावं, सारी एका अक्षरात. कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

"समोरच्याले विचारलं?"

"विचारतो. त्याचा वार वेगळा."

शेठजी हसले. "मले मंगळवार लिव. देवीचा."

चार दिवसांत सहा वार गेले. समोरच्या दुकानाने बुधवार घेतला आणि आपला दिवा मंगळवारच्या दिव्यापेक्षा कमी पडू नये म्हणून समई घरची आणण्याचे ठरवले. रविवार मात्र कोणी घेईना. त्या दिवशी लग्नाची दाट तिथी होती आणि कापडवाल्याला प्रत्येक मांडवात हजेरी लावावी लागते. सहा दिवसांवर प्रदर्शन आटोपले तरी चालेल, असे वर्गातले काही म्हणू लागले. पण वृषालीची आई आणि तिच्यासोबत रोवणी करणाऱ्या बाया रविवारीच येऊ शकत होत्या. गावाहून त्यांना आणणारी गाडी त्याच दिवशी मिळत होती.

वासुदेवराव एक दिवस चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते जिन्याशी उभे राहून वृषालीला हाक मारीत. "रविवार झाला वं. माहा."

रविवारचा खर्च ते स्वतः देणार होते. त्यांनी तो कसा उभा केला, हे मी विचारले नाही. दात्याला असे विचारू नये, असे मला शिकवले गेले आहे.

"फक्त नाव नोको लिवू," ते म्हणाले. "'एक गृहस्थ' असं लिव. शेठ लोकाईच्या ओळीत माहं नाव कायले?"

"काका, सगळी नावं एका अक्षरात, कोणी वर नाही, कोणी खाली नाही," वृषाली म्हणाली. "नियम कोणी केला?"

"तू तं मलेच पकडलं वं," असे म्हणून ते खाली बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्दात पकडणाऱ्या या माणसाला त्याच्याच शब्दाने त्या दिवशी बांधले.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी एकच गडबड केली. दालनात जागोजागी 'कृपया हात लावू नये' अशा पाट्या होत्या. एक एक पाटी काढून ती काखेत जमा करीत ते सबंध दालन फिरले. प्राध्यापिका धावत आल्या, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, कापडाले हात नाही लावाचा, तं मंग लावाचा कायले?" पाट्या पुन्हा लागल्या नाहीत.

रविवारी ते परीटघडीच्या सदऱ्यात सकाळपासून दाराशी होते. कैरीचे पन्हे त्यांनी स्वतः घोळून आणले होते. दुपारी कुहीहून बाया आल्या. चपला बाहेर काढून, पदर सावरून, भिंतीलगत उभ्या राहिल्या. वस्त्राजवळ कोणी जाईना. वासुदेवरावांनी वृषालीच्या आईच्या खांद्यावर ते वस्त्र ठेवले आणि म्हणाले, "वाकून पाहा बाई. रोवणीत वाकता तशा." त्या माउली त्या चकचकीत फरशीवर कमरेत वाकल्या, हातांनी चार रोपे लावल्याचा अभिनय केला आणि तशाच वाकलेल्या स्थितीत मान वळवून मुलीकडे पाहत म्हणाल्या, "हे तू केलं वं? हे शिकून राहिली होती तू?" त्यानंतर कोणीही भिंतीलगत उरले नाही.

सायंकाळी, तीन लग्ने आटोपून, शेठजी आले. दाराशी विद्यार्थ्यांनी यजमानासाठी एक खुर्ची ठेवली होती आणि दिवसभराच्या आग्रहानंतर वासुदेवराव नुकतेच तीवर टेकले होते. शेठजींना पाहताच ते चाळीस वर्षांच्या सवयीने ताडकन उठले. शेठजींनी आधी पाटी पाहिली. सोमवार, मंगळवार, सारी नावे. शेवटी 'रविवार: वासुदेव डोमाजी पौनीकर'. मग त्यांनी वासुदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबले.

"बस गा वासुदेव. आज तुहा वार आहे."

शेठजी उभे होते आणि वासुदेवराव बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नव्या विद्यार्थ्यासारखे, पाठ ताठ करून. पुष्कळ यज्ञ मी पाहिले आहेत आणि पुष्कळ यजमानही; परंतु यजमानाच्या मुखावर असे तेज मी क्वचित पाहिले.

पुढल्या पौषात ते गेले. आदल्या दिवशी मी भेटलो, तेव्हा बोलणे थांबले होते. माझ्या नव्या उपरण्याची कड मात्र त्यांनी बोटांत धरली आणि खिडकीकडे पाहत मान हलवली. ते शुद्ध सुती होते.

वारांची पद्धत महाविद्यालयात आता रुळली आहे. प्रतिवर्षी नवे विद्यार्थी गाठोडी घेऊन बाजारात जातात, सहा नावे बदलतात. रविवार मी देतो. सात घरचे अन्न खाल्लेल्याने एक वार तरी द्यावा. पाटीवरचे नाव मात्र मी बदलू दिलेले नाही. या वर्षी गुरुवार घेतलेले एक तरुण व्यापारी ते वाचून मला विचारू लागले, "हे पौनीकर शेठ कोणत्या दुकानाचे, गुरुजी?"

"दुकान नव्हते त्यांचे," मी सांगितले. "त्यांना कापड समजत होते."