पुढची गाडी

किस्से कुणी जमवत नसतं. शाळेतलं कपाट दहा वर्षांनी हलवलं की मागून खडूचे तुकडे निघतात ना, तसे ते आपोआप साचतात. आमच्या हसनाबादच्या शाळेत तर इतके साचले की निवृत्त होताना मला ते पोत्यात भरून न्यावे लागले असते! त्यातले गोव्याच्या सहलीचे तेवढे आज सांगतो. सांगताना माझं डोकं तापणार, हे आधीच सांगून ठेवतो. इतकी वर्षं झाली, तरी तापतं.

*

आधी रंगनाथआबा. आबा धावड्याचे. शेती बरी, शाळेच्या कमिटीवर मेंबर, अन् आयुष्यात जिद्द एकच: मोटारीत उभं राहून जायचं नाही.

त्या काळी आमच्याकडं दिवसातून दोन मोटारी. सकाळची चुकली तर संध्याकाळची, अन् संध्याकाळची चुकली तर थेट उद्या. त्यामुळं मोटार थांबायच्या आधीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला लागेल ते सीटवर टाकायचं. ज्याची वस्तू त्याची जागा. हा आमच्याकडचा कायदा! भांडण होईल, गचांडी धरली जाईल, पण टाकलेला रुमाल कुणी उचलणार नाही.

एकदा आबांकडं रुमाल नव्हता. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून खिडकीतून टाकला अन् निवांत चहा प्यायला गेले. इकडं मोटार सुटली! आबा बोडक्या डोक्यानं घरी आले. नवऱ्याला तसं येताना बघून काकूंनी दारातच हंबरडा फोडला, कोण गेलं म्हणून. सगळी गल्ली जमा झाली.

संध्याकाळी त्याच मोटारीनं फेटा परत आला, जालना फिरून. आबांनी कंडक्टरला एकच विचारलं, "जागंवर कुनी बसलं तं न्हाई ना?"

"न्हाई आबा."

"मंग ठीक हाय!"

*

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पाऊस बरा झाल्ता, कापूसही बरा होता. दिवाळीच्या सुट्टीत सहल काढायची ठरली. मास्तर मंडळी, कमिटीतले दोघं-तिघं, असे सगळे मिळून दहा जण. कुठं जायचं यावर आठ दिवस नुसता वाद. मी म्हटलं गोवा, तर मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, म्हणाले, "तिथं शैक्षणिक काय आहे?"

तेव्हा दारातून कडूबाई बोलली. कडूबाई म्हणजे आमच्या शाळेची पाणीवाली. रांजण भरायचे, आम्हा मास्तरांच्या हातात तांब्या आणून द्यायचा, हे तिचं काम. दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा ही बाई रोज दोन कोस चालून डोक्यावर पाणी आणायची. त्या दिवसांत शाळेचा रांजण एकदाही कोरडा राहिला नाही.

"गुरुजी, तिथं लई पानी असतंय म्हनं?"

"हो, समुद्रच आहे."

"दिसंल तिथवर?"

"दिसेल तिथवर."

तिनं हातातल्या तांब्यात डोकावून पाहिलं. विश्वास बसला नसावा. मंग म्हणाली, "मपला खर्चा मी देते. फकस्त येकदा मला त्यात पाय बुडवू द्या."

मी सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून म्हणालो, "कडूबाई, तुमचे पाय समुद्रात बुडवले नाहीत तर साळवे मास्तर नाव सांगणार नाही!"

असले शब्द द्यायला मला कुणी सांगतं का? कुणी नाही सांगत!

*

पठाण गुरुजी गणित शिकवायचे अन् विहिरीत मुटका मारण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जालन्याला रेल्वेत बसतानाच त्यांनी पँटच्या आत पोहायची चड्डी घातलेली. जाड मांजरपाटाची, घरी शिवलेली.

"अहो पठाण, दोन दिवसांचा प्रवास आहे!"

"साळवे, वक्त कायको गमवायचा? समंदर दिसला की पँट काढली अन् मारली उडी!"

मनमाड गेलं, पुणं गेलं, कोल्हापूर गेलं. आंबोलीच्या घाटात मोटारीत ती चड्डी इतकी काचायला लागली की पठाण गुरुजी उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा की, जागा आहे." तर वेदनेनं डोळे मिटून म्हणाले, "बैठने की हालत नहीं है!"

चार दिवसांनी आम्ही हसनाबादला परत आलो, तरी ती चड्डी कोरडी ठणठणीत होती. कशी, ते पुढं येतंच.

*

गोव्यात आमच्या हातात एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची मोटार. मी चौकशी करून आलो. समुद्रकाठ दाखवणारी एक मोटार होती. पणजीच्या धक्क्यावरून निघायची, मिरामार, दोनापावला असं चार ठिकाणी थांबत गोल फिरून परत धक्क्यावर. दिवसभराचं एकच तिकीट. वाटेल तिथं उतरायचं, वाटेल तेवढं बघायचं. तासाभरात मागून दुसरी मोटार येणार, त्याच तिकिटावर तिच्यात चढायचं. इतकी सोपी गोष्ट! सातवीच्या पोराला समजेल. मला समजावून सांगायची होती मास्तरांना.

"मागून दुसरी येणार, हे कशावरून?" मोठे गुरुजी.

"तिकिटावर छापलंय, गुरुजी."

"छापायला काय जातं? आपल्या वेळापत्रकावर पीटीचा तासही छापलाय!"

आबांची अडचण वेगळीच. "अन् जागा?"

"पुढच्या गाडीत मिळेल की, आबा."

"बराबर हीच?"

"हीच कशी मिळेल? दुसरी मिळेल."

"मंग ह्या जागंचं काय करायचं?"

आता याला काय उत्तर आहे? सांगा ना! तेवढ्यात मोटार आली. अन् माझं वाक्य तोंडातच राहिलं, कारण अकरा जणांचे रुमाल, टोप्या, शबनम पिशव्या, भाकरीची गाठोडी सटासट खिडक्यांतून आत गेली. कंडक्टर दारात उभा राहून बघत होता. शेवटचं गाठोडं पडल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, गाडी रिकामी आहे. दारातून या."

*

पहिला थांबा मिरामार. समुद्र दिसला. निळा, दिसेल तिथवर. आमच्या मंडळींनी "अरे वा!" म्हटलं. बसल्या बसल्या!

"चला, उतरा," मी म्हटलं.

कुणी हलेना. मोठे गुरुजी म्हणाले, "इथूनही छान दिसतोय." पठाण गुरुजी अर्धे उठले, मागं पाहिलं. एक लठ्ठ गृहस्थ नुकतेच चढून जागा शोधून राह्यले होते. पठाण गुरुजी खाली बसले, अन् चड्डी टोचल्यामुळं पुन्हा उठले, अन् पुन्हा बसले.

कडूबाई मागच्या दाराशी बसली होती, मांडीवर आपला पितळी तांब्या घेऊन. "गुरुजी, इथं उतरायचं का?"

मी तोंड उघडायच्या आत मोठे गुरुजी म्हणाले, "बसा कडूबाई, अजून तीन ठिकाणं आहेत."

तिन्ही ठिकाणी हेच! "उतरायचं का?" "बसा." "उतरायचं का?" "बसा." दोनापावलाला खाली लोक खडकावर उभे राहून फोटो काढत होते, लहान पोरं पाण्यात नाचत होती. आमचे अकरा जण काचेला नाक लावून. मला इतका संताप आला की मी ओरडलो, "अहो, समुद्र बघायला आलोय ना आपण?"

आबा म्हणाले, "बघूनच तं राह्यलो!"

तुम्ही म्हणाल, साळवे, तुम्ही काहून उतरला नाहीत? बाईला शब्द तुम्ही दिल्ता. खरं सांगतो. आता लपवून काय उपयोग. माझी खिडकीची जागा होती.

*

फेरी संपली. मोटार धक्क्यावर आली. कंडक्टर म्हणाला, "उतरा मंडळी." कुणी उतरेना. मोठ्या गुरुजींनी तिकीट पुढं केलं. "दिवसभराचं आहे ना?"

"आहे."

"मग चला पुढं!"

दुसरी फेरी सुरू झाली. तेच मिरामार, तोच समुद्र. मोठे गुरुजी वहीत टिपणं काढून राह्यले होते. दोनापावला आलं तेव्हा ते पेन थांबवून म्हणाले, "साळवे, हा भाग मघाच्या भागासारखाच वाटतो, नाही?"

मी कपाळावर हात मारला. कंडक्टरनंही मारला. "तुम्ही समुद्र बघायला आलात, की माझी गाडी?" तो म्हणाला.

जेवणं सीटवरच झाली. धक्क्यावर लघवीलासुद्धा आम्ही पाळीपाळीनं गेलो, अन् जाणाऱ्याच्या जागेवर दोघांचा पहारा!

*

तिसऱ्या फेरीत एक लांब केसांचा गोरा चढला. गळ्यात माळा, पायांत काही नाही. मागच्या दाराशी एकच जागा रिकामी होती अन् तिच्यावर एक कापडी पिशवी. गोरा पिशवी उचलायला वाकला. आबा बिजलीसारखे उठले अन् त्या जागेवर हात ठेवून उभे राहिले.

"ये भाऊ! बाईमानसाची जागा हाय! सामान ठिवलंय, दिसत न्हाई का?"

गोऱ्याला काय कळणार? तो हसला, दोन्ही हात जोडले अन् खाली वाटेतच मांडी घालून बसला. आबा विजयी मुद्रेनं आमच्याकडं वळले. "पाह्यलं? कायदा सगळीकडं सारखाच!"

मी म्हटलं, "शाबास आबा. पण कडूबाई कुठं गेल्या?"

कुणाला माहीत नव्हतं! पिशवी होती, कडूबाई नव्हती. तांब्याही नव्हता. पठाण गुरुजी म्हणाले, मागच्या फेरीत पाहिली. दुसरा म्हणाला, नाही, पहिल्याच फेरीनंतर नाही. दहा माणसं आपापल्या जागा सांभाळत बसली, अन् एक बाई कमी झाली हे कुणाला कळलं नाही! परका मुलुख, अक्षर वाचता येत नाही, जवळ पैसे किती देव जाणे. हसनाबादला तिच्या लेकीला काय तोंड दाखवू?

मंग आम्ही शोध सुरू केला. कसा? खिडकीतून! प्रत्येक थांब्यावर दहा डोकी बाहेर अन् एकच हाळी: "ओ कडूबाईऽऽ!" गोव्याची माणसं थांबून बघायची. कुणी तरी खाली उतरून बघा म्हणून मी घसा फोडून ओरडलो. प्रत्येकानं शेजारच्याकडं पाहिलं.

शेवटी मीच उठलो. गेली जागा तर गेली, म्हटलं! तावातावानं दारापर्यंत गेलो, सहज मागं वळून पाहिलं, तर माझ्या खिडकीत मोठे गुरुजी.

"तुम्ही उतरत होता ना साळवे? म्हणून धरून ठेवली," ते म्हणाले.

मी परत आलो. भांडायला. भांडण होईपर्यंत मोटार सुटली होती. लाज वाटते सांगायला, पण झालं असं.

*

शेवटची फेरी. उन्हं उतरली होती, पाणी तांबूस दिसत होतं. हाका मारून दमलेली डोकी आत आली होती. आबांनी तेवढा त्या पिशवीवरचा हात काढला नव्हता.

मिरामार आलं. अन् थांब्यावर कडूबाई उभी! लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायाला वाळू, केस वाऱ्यानं विस्कटलेले. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. वीस वर्षांची सवय, चढताना एक थेंब सांडला नाही.

कंडक्टर तिला बघून हसला. "या मावशी! मागच्या गाडीतला आमचा माणूस म्हणत होता, आज एक मावशी चारी थांबे उतरून-चढून दोनदा बघून आली."

आबांनी पिशवीवरचा हात काढला. "बस. जागा बराबर ठिवली तुपली."

पण ती बसली नाही. वर्गात फिरायची तशी आमच्या रांगेतून फिरली अन् प्रत्येकाच्या पायावर थोडं थोडं पाणी ओतत गेली. "घ्या गुरुजी. तुम्हाला कुनालाच उतरता येईना, म्हून आनलं." मोठ्या गुरुजींनी मुकाट्यानं वहाणा काढल्या. पठाण गुरुजींनी पँट घोट्यापर्यंत वर केली. बस्स, तेवढीच.

माझी पाळी आली अन् दिवसभराचा सगळा राग तिच्यावरच निघाला. भीती गेली की माणूस चिडतो, तसा चिडलो.

"कडूबाई! एकटीनं उतरून गेलात! कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही! अन् पुढची गाडी आलीच नसती तर? मंग काय केलं असतं?"

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या पायावर ओतलं.

"नसती आली तं नसती आली, गुरुजी. पानी व्हतं की तिथं!"