आईच्या हाताचा पुरावा

सक्करदऱ्याच्या चौकात एका कारनं आईच्या ऑटोला धडक दिली आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला. हाड जुळलं, हात काही सरळ होईना. भरपाईचा दावा टाकला तेव्हा मला वाटलं, असा हात दाखवला की झालं. आईचा स्वभाव मी हिशेबात धरलाच नव्हता.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट देणारे डॉक्टर म्हणाले, "हात सरळ करा." आईनं दात घट्ट आवळून तो जवळजवळ सरळ केला. बाहेर आल्यावर मी भडकले.

"काहून सरळ करून राहिली होती वं आई?"

"एवढ्या मोठ्या डॉक्टरले नाही म्हणू का? बरं दिसते का ते?"

सर्टिफिकेटवर अपंगत्व नावापुरतं आलं. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "काकू, तुमची कमाई काय होती?"

"काहीच नाही."

पैशांच्या हिशेबानं ते खरंच होतं. मडक्यावरची लांब रोटी म्हणजे आईचा हातखंडा. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि उपड्या, तापल्या मडक्यावर अलगद पसरायचा. हुडकेश्वर असो की मौदा, सोयऱ्यांत लग्न निघालं की पहिलं बोलावणं आईला. "लग्नघरी पैसे कोन घेते, वकीलसाहेब? लुगडं देते, पुरे झालं." लुगड्याची पावती कुठून आणायची?

कोर्टात त्या कारच्या विमा कंपनीचे वकील फार गोड बोलले. "काकू, आता बरं आहे ना?"

"बरी आहो जी."

"आणि कमाई नव्हतीच?"

"नव्हती."

आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं कशाला म्हणतात, ते मी मागच्या बाकावरून बघत होते. मला तिचा भयंकर राग आला होता.

मग आमच्या वकिलांनी न्यायाधीशांच्या परवानगीनं लॅपटॉपवर माझ्या मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात पदर खोचलेली आई भराभर रोट्या टाकत होती. साक्षीला उभी असलेली आई तो बघता बघता हरवली. तिचे दोन्ही हात आपोआप वर आले. डावा पूर्ण पसरला. उजवा मध्येच अडकला.

ती त्या हाताकडे बघत राहिली.

"साहेब, याच्यापुढं नाही जात," ती म्हणाली. "डॉक्टरपुढं म्या जोर लावून केला होता. लाज वाटली मले." माझा राग कुठल्या कुठे गेला.

न्यायाधीशांनी फेरतपासणीचा आदेश दिला. विमा कंपनीच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही.

बाहेर ऑटो उभा होता. अपघातानंतर आई दरवेळी माझा हात झटकून एकटी चढायची. त्या दिवशी ती थांबली आणि म्हणाली, "धर वं मले."