आईचं लिंबू आणि काळी जोडवी

बरेच दिवस बंद असलेलं नांदेडचं घर उघडलं, तर मोरीतून सडक्या अंड्यांसारखा वास आला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या लातूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पोचले. नवीन जिल्हा झाला होता, आमची घरं नवीन, भुयारी गटारही नवीन, फक्त पाऊस नव्हता. टँकर यायचा तेव्हा यायचा, म्हणून बायका धुण्याभांड्याचं पाणीसुद्धा मोरीत न सोडता झाडांना घालायच्या. आईचं अंगणातलं लिंबू त्यावरच तगलं होतं. मग गल्लीभर तो वास सुटला आणि बायकांच्या पायातली चांदीची जोडवी काळी पडायला लागली. शेजारच्या ओव्हरसियर काकांनी गटाराच्या चेंबरचं झाकण उघडून पाहिलं. "वहिनी, पाण्याबिगर घाण जागीच कुजून राहिली. तिचाच वायू चांदी काळी करतो अन् आतलं लोखंड, सिमेंट खातो. समद्यांनी एकदम पाणी सोडलं तरच वाहून जाईल." "अन् आमची झाडं?" कुणीतरी फणकारलं. कुणीच हलेना. लिंबाच्या बुडाशी ठेवलेली बादली आईनं उचलली आणि आत मोरीपाशी नेऊन ठेवली. संध्याकाळी काकांनी इशाऱ्याची थाळी वाजवली, आईचं बघून घरोघरी बादल्या मोरीत उपड्या झाल्या आणि जमिनीखालून ओढा धावल्यासारखा आवाज गेला. आठवड्याच्या आठवड्याला थाळी वाजत राहिली. वास गेला, लिंबूही गेलं. त्याच्याच काटक्या चुलीत सारून आईनं काकांना चहा दिला. आज मी पिशव्या दारातच ठेवल्या आणि आधी मोरीत बादलीभर पाणी ओतलं.